मूरान नावाचं रियाध: अब्दुल रहमान मुनीफ आणि तेलाची कादंबरी

रियाधच्या नकाशात 'मूरान' शोधायला गेलात तर सापडणार नाही. मेट्रोच्या स्टेशनांत हे नाव नाही, जुन्या मोहल्ल्यांतही नाही. पण अरबी कादंबऱ्या वाचणाऱ्या कुणालाही विचारा, की मूरान म्हणजे कोणतं शहर? बहुतेक जण रियाधकडेच बोट दाखवतील. वाळवंटाच्या मधोमध मातीच्या भिंतींचं एक गाव, तिथे राज्य करणारा सुलतान, मग अचानक आलेला पैसा, आणि एका पिढीच्या आत गावाची झालेली राजधानी. हे मूरान ज्यांनी कागदावर उभं केलं त्यांचं नाव अब्दुल रहमान मुनीफ. घराणं याच मुलखातलं, नागरिकत्वही इथलंच; पण ते 1963 साली काढून घेतलं गेलं. पुढे त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरीही इथे बंदीत गेली.

आपल्या पॉडकास्टमध्ये तेलाचा विषय निघाला की करार, भाव, पाइपलाइन, ओपेक यांच्यावर तासभर सहज जातो. या लेखात मला दुसरा प्रश्न घ्यायचा आहे. तेल आलं तेव्हा तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसांचं काय झालं, हे लिहिलं कुणी? आणि जे लिहिलं गेलं, त्याला इतिहास म्हणायचं की गोष्ट? मुनीफ यांच्या आयुष्याकडे आणि लेखनाकडे आपण याच प्रश्नाच्या वाटेने जाऊ.

करार आणि जन्म एकाच वर्षी

मुनीफ यांचा जन्म 1933 सालचा, अम्मानमधला. वडील नज्दमधल्या कासीम भागातले, म्हणजे रियाधच्या वायव्येकडचे. तिथले व्यापारी उंटांचे तांडे घेऊन इराक, सीरिया, थेट इजिप्तपर्यंत जात. या तांडेवाल्यांना 'उकैलात' म्हणत. आई इराकी. वडील लवकर गेले, आणि मुलाच्या वाढण्यात बगदादच्या आजीचा मोठा वाटा राहिला.

हे घर नीट बघा. बाप नज्दचा, आई इराकची, मुलगा जन्मला जॉर्डनमध्ये. आज हे ऐकायला गुंतागुंतीचं वाटतं, पण तांड्यांच्या जगात त्यात विशेष काही नव्हतं. सरहद्दी नुकत्याच आखल्या गेल्या होत्या आणि माणसांच्या सवयी त्याहून जुन्या होत्या. आपल्याकडे कोकणातल्या एखाद्या घराचं एक पाऊल मुंबईत आणि एक पूर्व आफ्रिकेत असायचं, तसंच काहीसं.

त्याच वर्षी, मे 1933 मध्ये, जेद्दात राजे अब्दुलअझीझ यांच्या सरकारने कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीशी करार केला. तेल शोधण्याचा हक्क कंपनीला मिळाला. पाच वर्षं शोधूनही म्हणावं तसं हाती लागेना. शेवटी मार्च 1938 मध्ये दम्मामच्या 7 नंबरच्या विहिरीने साथ दिली. या कंपनीच्या उपकंपनीचंच पुढे अरामको झालं.

तेव्हाचं रियाध म्हणजे काही दहा हजार वस्तीचं, मातीच्या तटबंदीतलं गाव. अब्दुलअझीझ यांनी 1902 च्या जानेवारीत मूठभर माणसांनिशी जिंकलेला मस्मक किल्ला आजही जुन्या शहरात उभा आहे. बाकी बरंच काही गेलं. 1951 साली दम्मामहून रियाधला रेल्वे आली. त्याच दशकात सरकारी खाती जेद्दाहून इकडे हलू लागली. 1968 पासून डॉक्सिआडिस या ग्रीक नगररचनाकाराने आराखडा आखला, आणि दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरच्या चौकटींचं शहर पसरत गेलं. आज इथली लोकसंख्या सुमारे 70 लाख आहे. मातीच्या भिंतींत जन्मलेल्या माणसाने म्हातारपणी काचेचे मनोरे पाहिले, एवढ्या थोड्या वेळात हे झालं.

तेलाचा अर्थशास्त्रज्ञ

मुनीफ 1952 साली कायदा शिकायला बगदादला गेले. ते दिवस अरब राष्ट्रवादाचे. 1955 मध्ये बगदाद करार झाला, त्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि त्यांच्याबरोबर मुनीफ यांनाही देशाबाहेर काढलं गेलं. उरलेलं शिक्षण त्यांनी कैरोत पुरं केलं. तिथून युगोस्लाव्हियातल्या बेलग्रेडला जाऊन 1961 साली पीएचडी मिळवली. विषय होता पेट्रोलियमचं अर्थशास्त्र.

दोन वर्षांनी सौदी सरकारने राजकीय कारणांवरून त्यांचं नागरिकत्व रद्द केलं. त्यानंतरचा प्रवास दमास्कस, बैरूत, बगदाद, फ्रान्स आणि पुन्हा दमास्कस असा. सीरियात तेलाच्या क्षेत्रात नोकरी केली, बैरूतमध्ये पत्रकारिता केली, आणि 1975 ते 1981 या काळात बगदादमध्ये 'तेल आणि विकास' या मासिकाचं संपादन केलं. म्हणजे बॅरल, रॉयल्टी, राष्ट्रीयीकरण हा त्यांचा रोजचा धंदा होता. कुठल्या करारात कुठलं कलम कुणाच्या फायद्याचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग हा माणूस कादंबरीकडे का वळला? पहिली कादंबरी आली 1973 साली, वयाच्या चाळिशीत. 1975 मध्ये 'भूमध्याच्या पूर्वेला' आली. ती एका राजकीय कैद्याची गोष्ट, आणि त्यात देशाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. वाचणाऱ्याने आपापला देश ओळखावा. 1970 च्या दशकातच 'शेवट' या अर्थाच्या नावाची एक छोटी, फार सुंदर कादंबरी आली. वाळवंटाच्या कडेवरचं एक गाव, दुष्काळ, आणि गावासाठी शिकारीला जाणारा एक एकलकोंडा माणूस, एवढाच तिचा ऐवज.

माझं उत्तर असं, की त्यांच्या अहवालांत माणसं मावत नव्हती. तेलाच्या अर्थशास्त्रात मजूर हा खर्चाच्या रकान्यातला एक आकडा असतो. गाव हलवलं तर 'भूसंपादन'. झाडं तोडली तर त्याला रकानाच नाही. मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. धरणग्रस्तांची 'झाडाझडती' 1991 मध्ये आली ती विश्वास पाटील यांच्याकडून, म्हणजे सरकारी खुर्चीत बसून पुनर्वसनाच्या फायली पाहिलेल्या माणसाकडून. फाइल ज्याने आतून पाहिली त्यालाच कळतं, की तिच्यात काय शिरत नाही.

वादी, बंदर, राजधानी

'मुदुन अल-मिल्ह', म्हणजे 'मिठाची शहरं', ही पाच खंडांची कादंबरी. पहिला खंड 1984 साली आला, दुसरा 1985 मध्ये, उरलेले तीन 1989 मध्ये. मुनीफ तेव्हा आधी फ्रान्समध्ये होते, आणि 1986 पासून दमास्कसमध्ये.

सुरुवात होते वादी अल-उयून या मरूद्यानापासून. खजुराची बनं, झरे, तांड्यांचा मुक्काम. तिथे काही अमेरिकन येतात. पाणी शोधतोय असं सांगतात, पण विचारतात भलतंच. दगड गोळा करतात, रात्री लिहीत बसतात. गावातला मितेब अल-हदाल एकटाच पहिल्यापासून अस्वस्थ असतो. मग यंत्रं येतात आणि झाडं मुळासकट उपटली जातात. मितेब सांडणीवर बसून निघून जातो तो जातोच. पुढे लोकांना तो इथे दिसला, तिथे दिसला, अशा गोष्टी पसरत राहतात. विशेष म्हणजे त्याचा मुलगाच पुढे कंपनीत कामाला लागतो.

मग येतं हर्रान हे बंदर. आधी कोळ्यांची छोटी वस्ती, मग तिचे दोन तुकडे. एकीकडे अमेरिकन हर्रान, झाडं लावलेलं, तलावांचं. दुसरीकडे अरब हर्रान, पत्र्याच्या तापलेल्या बराकींचं. कामावर घेताना मजुरांचे उंट हातचे जातात. ज्याचा उंट गेला त्याची घरी परतायची वाटही गेली, हे वेगळं सांगावं लागत नाही. कंपनीचे लोक माणसांना बसवून त्यांच्या घरच्या, धर्माच्या, नातेवाइकांच्या चौकशा करतात आणि सगळं कागदावर उतरवतात. तिकडे हर्रानचा अमीर दुर्बीण, रेडिओ, टेलिफोन अशा एकेका खेळण्यात इतका गुंततो की शेवटी त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. खंड संपतो तो मजुरांच्या संपाशी.

दुसऱ्या खंडात आपण मूरानला पोचतो. नाव 'अल-उखदूद', म्हणजे खंदक. अरबी वाचकाला ऐकताक्षणी कुराणातले खंदकवाले आठवतात, श्रद्धावानांना आगीच्या चरात टाकणारे जुलमी. इथे सुलतान खझाएल आहे, आणि त्याला आधुनिक राज्य कसं असतं हे शिकवायला निघालेला एक परका डॉक्टर आहे. डॉक्टर आपली पोरगीही सुलतानाला देतो. सुलतान परदेशात असतानाच भाऊ गादी घेतो. राजे सौद यांना 1964 च्या नोव्हेंबरमध्ये पायउतार व्हावं लागलं, फैसल गादीवर आले, आणि 1969 मध्ये सौद यांचा अथेन्समध्ये मृत्यू झाला. हे माहीत असलेल्या वाचकाला कुणीही नाव न सांगता सगळं कळतं.

तिसऱ्या खंडाच्या नावात 'तकासीम' हा गाण्यातला शब्द आहे, आपल्याकडच्या आलापीच्या जवळचा. तो खंड मागे जातो, राज्य उभारणाऱ्या पहिल्या सुलतानाच्या काळात. चौथ्याचं नाव 'अल-मुनबत्त'. हा शब्द एका जुन्या अरबी वचनातून येतो. घाईने जनावराला इतकं पिटाळलं की मुक्कामही गाठता आला नाही आणि जनावरही उरलं नाही, असा स्वार. पदच्युत सुलतानाच्या गोष्टीला हे नाव. पाचवा खंड 'अंधाराचं वाळवंट'.

आणि मिठाची शहरं का? मुनीफ यांनी मुलाखतीत सांगितलेला अर्थ साधा आहे. पायाशिवाय उभी राहिलेली शहरं. पाण्याची पहिली लाट आली की विरघळतील.

याला पुरावा म्हणायचं का?

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबायला हवं. गोष्ट आवडली म्हणून ती खरी होत नाही.

आधी दुसऱ्या बाजूचा कागद बघू. 1950 च्या दशकात अरामकोने आपला इतिहास लिहून घ्यायचं ठरवलं, आणि त्यासाठी बोलावलं तेही एका कादंबरीकारालाच. वॉलेस स्टेग्नर, अमेरिकन पश्चिमेबद्दल लिहिणारा मोठा लेखक. त्याने हस्तलिखित दिलं. ते बरीच वर्षं पडून राहिलं, 1960 च्या दशकाच्या अखेरीस कंपनीच्या मासिकात क्रमशः छापलं गेलं, आणि 1971 साली बैरूतमधून पुस्तक झालं. त्यात धाडसी भूशास्त्रज्ञ आहेत, उन्हाचा त्रास आहे, शोधाचा आनंद आहे. पत्र्याच्या बराकी फारशा नाहीत. तेव्हा एकाच तेलावर दोन कादंबरीकार लिहीत होते. एकाला कंपनीने पैसे दिले होते, दुसऱ्याचं नागरिकत्व गेलं होतं.

मग दप्तरं काय म्हणतात? रॉबर्ट व्हिटॅलिस या अमेरिकन अभ्यासकाचं 2007 सालचं पुस्तक याच कागदपत्रांवर उभं आहे. धहरानमध्ये कंपनीच्या वसाहती खरोखरच वेगवेगळ्या होत्या: अमेरिकनांची वेगळी, सौदी मजुरांची वेगळी, आणि मधल्या दर्जाच्या परदेशी नोकरांची आणखी वेगळी. पगार, पाणी, घर, शाळा, सगळं या उतरंडीनुसार. व्हिटॅलिस दाखवतो की ही पद्धत धहरानमध्ये जन्मलेली नव्हती. अमेरिकेतल्या खाणींच्या गावांतली वर्णभेदाची रीत जहाजात बसून इकडे आली.

संपही खरे होते. 1945 मध्ये झाला. ऑक्टोबर 1953 मध्ये सुमारे 13,000 कामगार कामावरून उठले. 1956 मध्ये पुन्हा झाला, आणि त्यानंतर राजाज्ञेने संपांवर बंदी आली. व्हिटॅलिसचं पुस्तक मुनीफ यांच्या पहिल्या खंडानंतर 23 वर्षांनी आलं. तोवर त्या बराकींतलं जगणं सर्वसाधारण वाचकापर्यंत पोचवलं होतं ते कादंबरीने. म्हणून मी 'मिठाची शहरं' साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी करत नाही, पण तिला वाट दाखवणाऱ्या माणसासारखी सोबत नक्की ठेवते. दप्तरात कोणता प्रश्न विचारायचा हे ती सांगते. उत्तर दप्तरानेच द्यायचं.

आणि तिच्या मर्यादाही सांगायलाच हव्यात. वादी अल-उयून वाचताना तेलाआधीचं जग फार गोड वाटू लागतं. मुनीफ त्यात भूक, दुष्काळ, दूरदेशी गेलेली पोरं दाखवतात, हे मान्य. तरी सूर हरवलेल्या घराचा आहे. ज्या समाजात गुलामगिरी कायद्याने बंद व्हायला 1962 साल उजाडावं लागलं, त्या समाजाची जुनी वादी सगळ्यांसाठी सारखीच हिरवी नसणार. शिवाय मुनीफ यांचं मूरान हे तिथे आयुष्य काढलेल्या माणसाचं नाही. ते ऐकलेलं, वाचलेलं, दुरून जुळवलेलं शहर आहे. मी सध्या रियाधमध्ये राहून काम करते. मस्मकपासून मुरब्बा राजवाड्याकडे चालत निघालं की मूरानचं अंतर पायाला कळतं, पण इथल्या माणसांचा विनोद, आदरातिथ्य, लहानसहान तडजोडी कादंबरीत कमी सापडतात. राग आहे, आणि रागाला कारण आहे. पण राग हा सगळं शहर दाखवत नाही.

अम्मानवर त्यांनी 1994 साली आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्याच्याशेजारी हे पाच खंड ठेवून बघा. तिथे गल्ल्या आहेत, आजी आहे, शाळेतले मास्तर आहेत. राहिलेलं शहर आणि कल्पिलेलं शहर यातला फरक एकाच लेखकाच्या हातात दिसतो.

दमास्कसमधली मैफल, आणि बाहेरचे टीकाकार

दमास्कसच्या वर्षांत मुनीफ एकटे नव्हते. सीरियन नाटककार सादल्ला वन्नूस त्यांचे मित्र. समीक्षक फैसल दर्राज यांच्यासह या मंडळींनी 1990 पासून एक सांस्कृतिक नियतकालिक चालवलं. प्रश्न एकच: आपल्याकडे आधुनिकता आली तर यंत्रं आली, मग विचारस्वातंत्र्य का आलं नाही? वन्नूस तो प्रश्न रंगमंचावरून विचारत होते, प्रेक्षकांना नाटकात ओढून. मुनीफ तो हजारो पानांत विचारत होते. 1996 मध्ये जागतिक रंगभूमी दिनाचा संदेश वन्नूस यांनी लिहिला, 1997 मध्ये कॅन्सरने ते गेले. मुनीफ यांना 1998 मध्ये कैरोत अरबी कादंबरीसाठीचा मोठा पुरस्कार मिळाला. आयुष्याच्या शेवटी, 2003 साली, इराकवरच्या अमेरिकी हल्ल्याला त्यांनी कडाडून विरोध केला. सद्दामचे टीकाकार असूनही केला. 24 जानेवारी 2004 रोजी दमास्कसमध्ये त्यांचं निधन झालं.

पहिला खंड पीटर थरू यांच्या अनुवादातून 1987 साली इंग्रजीत आला. पुढच्या वर्षी जॉन अपडाइक यांनी 'न्यूयॉर्कर'मध्ये त्याचं परीक्षण लिहिलं, आणि त्यांचा आक्षेप थोडक्यात असा होता: ही आपल्या ओळखीची कादंबरीच नाही. एक नायक नाही, त्याच्या मनाचा प्रवास नाही, सगळा गावगप्पांचा सूर. तुम्ही महाभारत ऐकत वाढला असाल, किंवा जत्रेतला तमाशा पाहिला असेल, तर हा आक्षेप वाचून जरा हसू येईल. गाव हाच नायक असू शकतो, हे आपल्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही.

दुसरी टीका मात्र आपल्यासाठी जास्त महत्त्वाची. ती एका भारतीयाची आहे. मार्च 1992 मध्ये अमिताव घोष यांनी 'न्यू रिपब्लिक'मध्ये मुनीफ यांच्यावर लेख लिहिला, आणि त्यात 'पेट्रोफिक्शन' हा शब्द वापरला. त्यांचं म्हणणं असं: मसाल्यांच्या व्यापारातून केवढं साहित्य निर्माण झालं, आणि तेलासारख्या प्रचंड गोष्टीतून जवळपास काहीच नाही. मुनीफ यांनी ती कोंडी फोडली, याचं श्रेय ते देतात. पण लगेच विचारतात, की आखातातला कामगार फक्त अरब आहे का? तिथल्या बराकींत तर अनेक देशांची, अनेक भाषांची माणसं राहतात. ती या कादंबरीत कुठे आहेत?

मधल्या कँपातली माणसं

घोष यांचा प्रश्न मला सोडत नाही, कारण त्याचं एक टोक मुंबईच्या गोदीत आहे.

आखातातल्या तेलकंपन्यांनी कारकून, फिटर, सुतार, मुकादम मिळवण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच मुंबईकडे पाहिलं होतं. अरामकोही त्यात आली. व्हिटॅलिसने सांगितलेली ती मधली वसाहत आठवा: अमेरिकनांच्या खाली, सौदी मजुरांच्या वर. तिथे इटालियन होते, आणि भारतीय होते, फाळणीनंतर पाकिस्तानीही. म्हणजे 1940 च्या दशकात, मुनीफ यांच्या हर्रानमध्ये संप होत असताना, शेजारच्या बराकीत मुंबईहून बोटीने आलेला कुणीतरी टाइपरायटर बडवत बसलेला होता. त्याच्या डोळ्यांतून ही उतरंड कशी दिसली असेल? वरच्याचा अपमान त्याला गिळावा लागत होता, आणि खालच्यापेक्षा आपण बरे हा दिलासाही त्याला होता. इतिहासकाराला अशी मधली माणसं फार बोलकी वाटतात, कारण त्यांना दोन्ही बाजू दिसतात.

1973 नंतर तेलाचे भाव चढले तेव्हा हा ओघ कितीतरी पटींनी वाढला. खेड, चिपळूण, राजापूर, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात असं गाव विरळा, जिथून कुणी आखातात गेलं नाही. रियाधच्या बथा भागात आज मल्याळी, बंगाली, उर्दू पाट्या एकाखाली एक दिसतात. हीच बथा 2008 साली मल्याळम साहित्यात आली. बेन्यामिन यांच्या 'आडुजीवितम'ची सुरुवातच बथाच्या पोलिस चौकीजवळ होते. नजीब आणि त्याचा सोबती आपल्याला पकडावं म्हणून तिथे घुटमळत असतात, कारण अटक झाली तरच मायदेशी परत पाठवलं जाण्याची आशा. मुनीफ यांच्या मजुराचा उंट जातो, नजीबचा पासपोर्ट त्याच्या हातात नसतो. परतीची वाट काढून घेण्याची रीत बदलली, एवढंच. 2024 मध्ये या कादंबरीवर सिनेमाही आला.

केरळने आपल्या माणसांची गोष्ट सांगितली. मराठीत आखातावरची एखादी कादंबरी पटकन आठवून बघा. आठवली तर उत्तम. पण 'झाडाझडती'सारखी, घराघरांत पोचलेली? मुंबईहून धहरानला गेलेल्या त्या टायपिस्टची? कोकणातल्या ज्या बाईने वीस वर्षं नवरा दर दोन वर्षांनी दीड महिना पाहिला, तिची?

मुनीफ यांच्याकडून मी घेते ती गोष्ट ही. ते तेलाचे तज्ज्ञ होते, आकडे त्यांच्या जिभेवर होते, आणि तरी त्यांनी मितेबची सांडणी, मजुरांचे उंट, पत्र्याच्या बराकी यांच्यासाठी पाच खंड लिहिले. ज्यांनी विहिरी खणल्या आणि ज्यांच्या विहिरी गेल्या, त्यांची नोंद कुणीतरी करायला हवी होती. पण त्यांच्या नोंदीत आपली माणसं नाहीत, आणि त्याचा दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. ते काम आपलं.

म्हणून शेवटी एक विनंती. तुमच्या घरात कुणी 1940 ते 1970 च्या दरम्यान धहरान, रास तनुरा, बहरीन, कुवेत किंवा अबादानला गेलं असेल, तर माळ्यावरची पत्र्याची पेटी एकदा उघडा. नेमणुकीचं पत्र, बोटीचं तिकीट, कंपनीचा ओळखपत्राचा बिल्ला, मनिऑर्डरच्या पावत्या, घरी लिहिलेली पोस्टकार्डं, जे असेल ते फेकू नका. त्यातल्या तारखा लिहून काढा, आणि घरातलं जे म्हातारं माणूस अजून आहे त्याला विचारून घ्या: तिथे झोपायला जागा कशी होती, जेवायला कुणासोबत बसायचे, संप झाला त्या दिवशी तुम्ही कामावर गेलात का?